थर्मोस्टॅट कोणाच्या उशाशी?

डिसेंबरातली गोष्ट. सबमिशनचे दिवस, जर्नल अर्धं कोरं, आणि रात्री साडेअकराला अमेरिकेहून आतेभावाचा फोन. दादा मिनेसोटात असतो. तिकडे बाहेर उणे वीस, आणि इकडे आम्ही सोलापूरकर पंधरा अंशाला कानटोप्या चढवून गड्ड्याची वाट बघत बसलेले. मला वाटलं, आजीची तब्येत विचारायला फोन केला असेल. पण त्याचा प्रश्न निराळाच होता. "अरे, तू मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग, घरात थर्मोस्टॅट कुठे लावू?"

माझा रूम पार्टनर स्पीकरवर ऐकत होता. तो म्हणाला, "त्यांना सांग बे, आमच्यात थर्मोस्टॅट इस्त्रीत असतंय!" यावर मजल्यावर बराच वेळ हशा. इस्त्री उलटी करून तिच्यावर मॅगी शिजवणाऱ्या मंडळींना त्या थर्मोस्टॅटची चांगलीच ओळख आहे. पाणी उकळायच्या ऐन वेळी दिवा विझवतो तोच तो! (रेक्टर सरांनी हे वाक्य वाचू नये.)

दादाची अडचण मात्र खरी होती. तिकडे बहुतेक घरांत सगळ्या घराला मिळून एकच भट्टी असते, तळघरात. तिथून गरम हवा पाइपांतून खोल्याखोल्यांत जाते. आणि या भट्टीला कधी पेटायचं, कधी विझायचं हे सांगणारी एक छोटीशी डबी भिंतीवर असते. त्याच्या घरात ती डबी होती पॅसेजमध्ये, आणि समोरच गरम हवेचं तोंड. भट्टी पेटली की पॅसेज पाच मिनिटांत ऊबदार, डबी खूश, भट्टी बंद. वरच्या मजल्यावर त्याची चार वर्षांची मुलगी दोन स्वेटर घालून झोपायची. आता भिंतींचं काम काढलंच होतं, तर इलेक्ट्रिशियन विचारत होता, ही डबी हलवायची का, आणि हलवायची तर कुठे?

मी पुस्तक उघडून सांगितलं. आतल्या भिंतीवर लाव, बाहेरच्या नको, कारण बाहेरची भिंत स्वतःच गार पडते. जमिनीपासून साधारण दीड मीटर. ऊन येईल तिथे नको, गरम हवेच्या तोंडासमोर नको, स्वयंपाकघराला लागून नको, बाहेरच्या दाराजवळ नको. दाराच्या पाठीमागे नको. टीव्ही किंवा दिव्याच्या वर नको. ज्या खोलीत घरची माणसं जास्तीत जास्त वेळ असतात तिथे लाव. आणि वायर जिथून भिंतीतून बाहेर येते ते भोक नीट बुजव, नाहीतर भिंतीच्या पोकळीतली हवा थेट डबीच्या पाठीवर येते आणि ती खोलीचं सोडून भिंतीच्या पोटातलं तापमान मोजत बसते. दादाने सगळं लिहून घेतलं. मला उगाच इंजिनिअर झाल्यासारखं वाटलं.

मित्रहो, हा लेख खरं तर त्या फोनवरच संपायला हवा होता. सोलापुरात हिवाळ्यात घर तापवावं लागत नाही, मग असली डबी आपल्याला कशाला? पण एप्रिल आला, आणि हाच प्रश्न आमच्या स्वतःच्या घरात, आजीच्या खाटेपाशी येऊन उभा राहिला.

त्याआधी थोडा इतिहास सांगतो, कारण व्हायव्हाला कोणी विचारत नाही आणि विचारलं तर कोणाला येत नाही. दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या, की तापल्यावर एक जास्त लांबते, दुसरी कमी, आणि जोडपट्टी वाकते. हा आपला फर्स्ट इयरचा बायमेटल. त्याच्या जोरावर तापमान आपोआप राखणारं साधन अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने 1830 मध्ये पेटंट केलं, आणि थर्मोस्टॅट हे नावही त्याचंच. त्याच्या डोळ्यांसमोर होत्या कापडगिरण्या! म्हणजे ही वस्तू आपल्या गावच्या धंद्याचीच म्हणायची. पुढे 1883 मध्ये अमेरिकेत वॉरन जॉन्सन नावाच्या प्राध्यापकाने खोलीसाठी विजेवर चालणारा थर्मोस्टॅट पेटंट केला. त्याची कथा प्रत्येक कॉलेजात लावून ठेवावी अशी आहे. विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर इथे शिक्षक तयार करणाऱ्या संस्थेत तो शिकवायचा. थंडीत तिथला शिपाई तासाच्या मध्येच वर्गात शिरायचा, थर्मामीटर बघायचा आणि तळघरात जाऊन भट्टीची झडप कमी-जास्त करायचा. लेक्चरचा विचका! जॉन्सनने असं यंत्र केलं, की वर्गात गार-गरम झालं की तळघरात घंटा वाजावी. शिपाई तळघरातच राहिला, पण मोजणारं यंत्र राहिलं वर्गात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल. भट्टी कुठेही असू दे, मोजमाप मात्र जिथे माणसं बसतात तिथे.

आता आमचं घर. जुन्या भागात आमचं मूळ घर माळवदाचं होतं. जाड मातीच्या भिंती, वर लाकडं आणि मातीचा थर. ते पाडून बाबांनी आरसीसी बांधलं तेव्हा सगळ्यांना आनंद झाला होता, आजी सोडून. ती म्हणायची, "हे घर रातच्याला तापतंय." आम्ही हसायचो. पण ती शंभर टक्के बरोबर होती आणि तिचं वाक्य कुठल्याही हीट ट्रान्सफरच्या पुस्तकात जसंच्या तसं छापता येईल. सोलापूर साडेसतरा अंशांच्या जरा वर, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा ऊन सगळं स्लॅबवर. तीननंतर तो कलतो आणि पश्चिमेची भिंत धरतो. नऊ इंची विटेची भिंत ती उष्णता लगेच आत सोडत नाही, पाच-सात तास घेते. म्हणजे बाहेर वारं सुटून गच्चीवर बरं वाटायला लागतं, त्याच वेळी, रात्री नऊ-दहाला, आतून भिंत सगळ्यात गरम. हात लावून बघा. हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावरच्या पोरांना हात लावायचीही गरज नाही, ती गादी उचलून गच्चीवर गेलेली असतात.

आजीला ऐंशी उलटली. गच्चीवर चढवत नाही. कूलर होता, पण त्याच्या आवाजाने तिला झोप लागायची नाही आणि मधूनमधून नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, कूलरला कुठून घालायचं? (आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरसारखं दुसरं स्वस्त आणि मस्त यंत्र नाही हे मी आजही म्हणेन. पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की मात्र तो नुसता चिकचिकाट करतो.) शेवटी बाबांनी सोसायटीतून कर्ज काढून तिच्या खोलीत एक टनाचा स्प्लिट एसी बसवला. आमच्या घरातला पहिला एसी. शेजारचे बघायला आले होते.

बसवणाऱ्याने भिंतीकडे एकदा बघितलं आणि दाराच्या वर, स्लॅबला टेकवून तो लावला. तिथेच का? कारण सोबत आलेली तांब्याची नळी तीन मीटर, आणि तिथून बाहेरच्या युनिटपर्यंत बरोबर तीन मीटर. जादा नळीचे जादा पैसे. बाबा म्हणाले, ठीक आहे. मीही तिथेच उभा होतो, हातात मोबाईल. चार महिन्यांपूर्वी मिनेसोटाला थर्मोस्टॅटचं प्रवचन झोडणारा मी. एसीच्या समोर दोन फुटांवर लॉफ्ट होता आणि लॉफ्टच्या कडेला एकावर एक रचलेल्या ट्रंका. आजीची खाट पलीकडच्या कोपऱ्यात, पश्चिमेच्या भिंतीला लागून. कोणी एक अक्षर बोललं नाही, आजीला कोणी विचारलंही नाही.

पहिल्या रात्रीपासून आजी म्हणायला लागली, "लई उकडतंय रं बाळा." बाबा रिमोट दाखवायचे. "आई, चोवीसवर आहे. अजून किती कमी करू? बिल कोण भरणार?" एसीच्या अंगावरही चोवीस झळकत होते. मग आजी गप्प. एकदा मात्र ती म्हणाली, "त्या डब्यालाच गार लागालंय बघ. म्हणून तो गप बसतोय." आम्ही हसलो, नेहमीप्रमाणे.

एप्रिलच्या शेवटी एका रात्री एकच्या सुमाराला ती बाथरूमला उठली आणि चक्कर येऊन दारातच बसली. अंग तापलेलं, जीभ कोरडी. रिक्षाने दवाखान्यात नेलं. अंगातलं पाणी कमी झालं होतं, दोन बाटल्या सलाईन लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "खोलीत एसी, कूलर काही आहे का?" बाबा म्हणाले, "एसी आहे, चोवीसवर असतो." हे सांगताना त्यांचा चेहरा मी बघितला आहे, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजी घरी आली. ती बरी आहे.

त्यानंतर मी नव्या पेठेतून तीन साधे डिजिटल थर्मामीटर आणले. एक एसीच्या डोक्यावर, जिथून तो हवा आत ओढतो तिथे दोऱ्याने बांधला. एक खाटेच्या कठड्याला. एक खोलीच्या मध्ये, खुर्चीच्या पाठीला. रात्री दहा वाजता एसीच्या डोक्यावर चोवीस-पंचवीस, खुर्चीपाशी अठ्ठावीस, आजीच्या उशाशी तीस. एकाच खोलीत, एकाच वेळी! आणि खाटेमागची भिंत हाताला चक्क गरम.

इथे दोन गोष्टी समजून घ्या. पहिली, बहुतेक स्प्लिट एसीच्या अंगावर जो आकडा दिसतो तो खोलीचं तापमान नसतोच. ती आपली मागणी असते, सेट पॉइंट. आपण चोवीस मागितले म्हणून तो चोवीस दाखवतो. हॉटेलात राइस प्लेट सांगितल्यावर वेटरने चिठ्ठीवर राइस प्लेट लिहिली, म्हणून पोट भरत नाही! आमच्या घरात मात्र दोन आठवडे त्या चिठ्ठीवर सगळ्यांचा विश्वास होता आणि जिला भूक लागली होती तिच्यावर नव्हता.

दुसरी गोष्ट, एसीतला थर्मोस्टॅट म्हणजे मसुराएवढा एक थर्मिस्टर. तो फिल्टरच्या मागे, आत येणाऱ्या हवेत लटकत असतो, म्हणजे सात-आठ फुटांवर. त्याला खोली माहीत नाही, खाट माहीत नाही, आजी माहीत नाही. स्वतःच्या अंगावरून जाणारी हवा तेवढी त्याला कळते. गरम हवा वर जाते म्हणून वर थोडं जास्त तापमान असणार, हे धरून कंपन्या सुधारणा करून ठेवतात. पण आमच्याकडे एसीतून सुटलेली गार हवा समोरच्या ट्रंकांवर आपटून परत त्याच्याच डोक्यावरून आत जात होती. थर्मिस्टरला वाटायचं खोली गार झाली, कॉम्प्रेसर बंद. आजी म्हणाली होती ते अक्षरशः खरं होतं. डब्यालाच गार लागत होतं.

हाच घोळ जुन्या विंडो एसीत वेगळ्या तऱ्हेने होतो. त्यात बारीक नळीच्या टोकाला गॅस भरलेला बल्ब असतो, तो कॉइलच्या पुढे प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये थोडा अलगद बसवायचा असतो. सर्व्हिसिंगनंतर मेकॅनिक तो घाईत कॉइललाच टेकवून जातो. मग तो हवेऐवजी थंड पत्रा मोजतो, आणि एसी दर थोड्या वेळाने बंद-चालू, बंद-चालू. साध्या कॉम्प्रेसरची मोटर प्रत्येक वेळी चालू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. बिल येतं, गारवा येत नाही, आणि लोक म्हणतात गॅस गेला. अर्धा इंच जागेचा फरक, मित्रहो.

आणि भिंत? शरीराला फक्त हवा लागत नाही. आजूबाजूचे पृष्ठभाग अंगावर उष्णता फेकत असतात. वारा फारसा नसेल तर आपल्याला जाणवणारं तापमान साधारणपणे हवा आणि भोवतालचे पृष्ठभाग यांच्या सरासरीइतकं धरतात. हवा सव्वीस आणि भोवतालचा स्लॅब-भिंती मिळून चौतीस असेल, तर अंगाला तीस वाटतात. एसीवर सव्वीस, अंगाला तीस. म्हातारं माणूस खोटं बोलत नाही, ती सरासरी सांगत असते.

आम्ही केलं ते असं. ट्रंका खाली उतरवल्या (त्यात आजीच्या लग्नातलं भांडं सापडलं, तो वेगळा लेख). खाट पश्चिमेच्या भिंतीपासून हलवून आतल्या भिंतीला लावली, पण एसीचा झोत थेट अंगावर येणार नाही अशी. गच्चीवर चुना मारला. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बारदान बांधलं, दुपारी त्याच्यावर पाणी. आणि रिमोटचं माहितीपत्रक पहिल्यांदा वाचलं! त्यात एक बटण निघालं. काही कंपन्या त्याला 'आय फील' म्हणतात, काही 'फॉलो मी'. ते दाबलं की एसी स्वतःच्या डोक्यावरची हवा मोजायचं सोडतो आणि रिमोट जिथे ठेवला असेल तिथलं तापमान धरतो. रिमोटमध्येच एक सेन्सर असतो, तो दर काही मिनिटांनी एसीला आकडा कळवतो. म्हणजे रिमोट हाच थर्मोस्टॅट. दादाची भिंतीवरची डबी आमच्या घरात सुटी फिरत होती आणि तिची जागा आम्ही ठरवली होती टीव्हीच्या डोक्यावर, कारण 'रिमोटची जागा तीच'.

आता तो आजीच्या खाटेच्या कठड्याला नाडीने बांधलेला असतो, तोंड एसीकडे करून. उशीखाली गेला तर किरण पोचत नाहीत आणि एसी पुन्हा आपल्या डोक्याने चालायला लागतो. सेटिंग सत्तावीसवर आहे आणि आजी पहाटे चादर ओढून घेते. सोलापुरी चादर, अर्थात. चोवीसला घामाघूम होणारं माणूस सत्तावीसला पांघरूण घेतं, यंत्र तेच, माणूस तेच. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. त्याच हिशोबातून 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलच्या एसींचं सुरुवातीचं सेटिंग 24 ठेवायचा नियम आला. नियम चांगला आहे. पण 24 कुठले, डोक्यावरचे की उशाजवळचे, हे कुठलाच नियम सांगू शकत नाही. ते घरच्यांनीच बघायचं.

जागेचं महत्त्व हवामानवाल्यांना कधीच कळलं आहे. पेपरात 'सोलापूर 44 अंश' छापून येतं, ते गच्चीवरचं किंवा डांबरावरचं नसतं. पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीच्या आसपास उंचीवर थर्मामीटर ठेवतात. आपल्याकडे पेटीचं दार उत्तरेला, म्हणजे वाचताना आत ऊन शिरू नये. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन या इंजिनिअरने एकोणिसाव्या शतकात काढली, 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचे ते वडील. एका आकड्यासाठी एवढी काळजी घेतात! नाहीतर उद्या कोणीही थर्मामीटर पत्र्यावर ठेवून साठ अंश दाखवेल.

आणि आपल्या गिरण्यांतही हे शहाणपण होतं. माझे आजोबा मिलमध्ये होते. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, या भोंग्यांवर हे गाव उठायचं आणि झोपायचं. त्या मिल बंद पडल्या, पण घरात गोष्टी राहिल्या. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून खात्यात पाण्याची फवारणी करून दमटपणा राखायचे आणि तो मोजायला ओल्या-कोरड्या बल्बची जोडकाच असायची. आजोबा सांगायचे, असं आजी म्हणते, की ती काच मागांच्या मधे टांगलेली असायची, साहेबाच्या केबिनमध्ये नाही. सुतासाठी एवढा विचार होत होता. आम्ही आजीसाठी केला नाही.

आता वळतो आपल्या अभ्यासिकेकडे, कारण हा लेख खरं तर त्यासाठीच लिहायला घेतला होता. गेल्या वर्षी अभ्यासिकेत छताला कॅसेट एसी बसले. आपण सगळे खूश झालो, आणि तेव्हापासून आजपर्यंत रोज भांडतो आहोत. पुढच्या तीन रांगा एप्रिलमध्ये स्वेटर घालून बसतात. खिडकीकडची रांग वहीने वारा घेते. येणारा प्रत्येक जण दाराजवळच्या कंट्रोलरशी खेळतो. एक सोळा करतो, दुसरा अठ्ठावीस. (सोळा केल्याने लवकर गार होत नाही. साध्या कॉम्प्रेसरला जोरात पळा म्हटलेलं कळत नाही, तो तेवढ्याच ताकदीने फक्त जास्त वेळ पळतो.) फायनल इयरवाले म्हणतात ज्युनिअर्सना शिस्त नाही, ज्युनिअर्स म्हणतात दादागिरी आहे. नोटीस बोर्डावर 'कंट्रोलरला हात लावू नये' अशी सूचना लागली, तिच्याखाली कोणीतरी 'पाय लावला तर चालेल का?' असं लिहिलं, मग दंड.

भांडण माणसांचं नाहीच. मी आणि दोन मित्रांनी परवा तो कंट्रोलर नीट बघितला. तापमान मोजणारा सेन्सर त्याच्यातच आहे. आणि तो कुठे आहे? दाराला लागून, स्विचबोर्डाच्या शेजारी. दार उघडलं की व्हरांड्यातली गरम हवा पहिल्यांदा त्याच्यावर. त्याच्या मागची भिंत पश्चिमेची, दुपारनंतर तापलेली. आणि वायरचा पाइप बाहेरून आलेला, त्याचं तोंड बुजवलेलं नाही. बोट लावलं तर आतून गरम झुळूक येते. दादाला सांगितलेली सगळी 'नको' एकाच जागी! साहजिकच त्या सेन्सरला अभ्यासिका कायम तापलेली दिसते आणि एसी पुढच्या रांगांना गोठवत राहतो. आमच्या घरी उलटं झालं होतं, तिथे सेन्सरला गार वाटत होतं. इथे त्याला उकडतंय. दोन्हीकडे माणसाला कोणी विचारलेलं नाही.

एका सरांशी बोललो. ते म्हणाले, "कुठेही लावा, कोणीतरी तक्रार करणारच. एवढ्या मोठ्या हॉलचं तापमान एक असतंच कुठे?" सरांचं म्हणणं खोटं नाही. एक सेन्सर सगळ्यांना खूश करणार नाही, आणि खिडकीकडच्या रांगेला पडदे लागतील ते लागतीलच. पण म्हणून जिथे एकही माणूस बसत नाही अशी जागा का निवडायची? वातानुकूलनाच्या मानकांत बसलेल्या माणसासाठी तापमान 0.1, 0.6 आणि 1.1 मीटर अशा तीन उंचीवर मोजायला सांगतात, घोटा, कंबर आणि डोकं. स्विचबोर्ड हा अवयव त्यात नाही. कंट्रोलर तिथे लागला कारण वायर तिथपर्यंत होती. आमच्या घरी नळी, इथे वायर.

खर्च म्हणाल तर थोडी वायर, एक पट्टी आणि वायरमन काकांचा अर्धा दिवस. नवा एसी नको, ठराव नको, समिती तर मुळीच नको. एवढंच मागणं आहे की हलवण्याआधी चार दिवस अभ्यासिकेत पाच-सहा ठिकाणी थर्मामीटर टांगू द्यावेत, दुपारी तीन आणि रात्री दहाला आकडे घेऊ, आणि तिथे बसणाऱ्या पोरांना विचारू. माझ्याकडचे तीन आहेत. आणखी कोणाकडे असतील तर वसतिगृहाच्या ऑफिसात द्यावेत, नाव लिहून.

दादाचा फोन परवा पुन्हा आला होता. त्याने डबी पॅसेजमधून काढून मधल्या खोलीत घेतली, आणि मुलीच्या खोलीत वेगळा सेन्सर बसवला. ती आता एकाच स्वेटरवर आली आहे. मग त्याने विचारलं, "आणि आजीच्या खोलीत कुठे लावलाय रे?" मी फोन आजीकडे दिला. ती त्याला पंधरा मिनिटं सांगत होती.

अभ्यासिकेतल्या मधल्या खांबावर, फरशीपासून दीड मीटर मोजून, आम्ही पेन्सिलने एक फुली मारून ठेवली आहे. वायरमन काकांनी ती बघितली आणि "सोमवारी बघू" म्हणाले आहेत.